फाटकाला कुलूप, मला नाही

मी एक जुनी पायवाट आहे. आहे, हे आधीच ठणकावून सांगते, कारण मध्यंतरी एका माणसाने सरकारला लेखी कळवलं होतं की इथे अशी कुठलीही वाट नाही.

मित्रांनो, थॉर्नबेकच्या बाजारचौकात खाटकाच्या दुकानामागे मी सुरू होते. ओढ्यावरची फळी ओलांडते, मेंढ्यांच्या कुरणांतून चढते, वरच्या माळावर वाऱ्याचा मार खाते आणि पलीकडे स्केलगिल गावात उतरते. अडीच मैल. मोटारीच्या रस्त्याने तेच गाव अकरा मैल पडतं. रस्ता डोंगराला भिऊन वळसा घालतो. मी सरळ जाते.

मला कोणी आखलं नाही. आधी मेंढ्या चालल्या, त्यांच्यामागे मेंढपाळ, मग दर मंगळवारी लोणी-अंडी घेऊन बाजाराला निघालेल्या बायका. टोपल्या जड, पण तोंडं अखंड चालू. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची गाय आटली, सगळं आधी मला कळायचं. पुढे हायफोल्डच्या शेताला उंच दगडी कुंपण घातलं, तेव्हा गवंड्याने माझी आठवण ठेवली. भिंत रचतानाच त्याने तीन लांब दगड आरपार बसवले, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेले. झाल्या पायऱ्या! माणसाने चढून जावं, मेंढीला जमू नये. त्या दगडांवर आता पावलांचे खळगे पडलेत. तो माझा एकुलता एक दागिना. तिथून वीस पावलांवर, काटेरी झाडाच्या आड, गाड्यांसाठी मोठं फाटक आहे. त्या फाटकाशी माझा काडीचाही संबंध नाही. हे जरा लक्षात ठेवा.

माझ्या ओळखीचं सगळ्यात लाडकं पाऊल म्हणजे हिल्डा रेस्ट्रिकचं. एकतीस वर्षं तिने खांद्याला झोळी लावून माझ्यावरून टपाल वाटलं. तिची धाकटी बहीण मार्जरी स्केलगिलला दिली आहे. नाताळच्या दिवशी बस नसते आणि हिल्डाला मोटार चालवता येत नाही, म्हणून दर नाताळला ती फडक्यात बांधलेलं पुडिंगचं भांडं घेऊन माझ्यावरून निघते. आता मार्जरीला घराबाहेर पडवत नाही. वर्षातून एकदा दोघी बहिणी एका टेबलाशी जेवतात, त्या माझ्या जिवावर. मी गेले तर ते जेवण गेलं.

मधली काही वर्षं वाईट गेली. घरोघर मोटारी आल्या आणि बाजाराला चालत जाणं लोकांना कमीपणाचं वाटू लागलं. माझ्यावर काटेरी वेली आल्या, चिडून मीही निसरडी झाले. तेव्हा हिल्डाच विळा घेऊन यायची. "मेल्यांना पाय कशाला दिलेत देवाने!" असं बडबडत वेली छाटायची. मग कधीतरी शहरातले लोक रंगीत बूट घालून, काठ्या टेकत डोंगर बघायला येऊ लागले, आणि मी पुन्हा रुंद झाले.

आता माझ्याच माणसांची एक चूक सांगते. सांगताना आजही राग येतो. फार वर्षांपूर्वी सरकारने प्रत्येक गावाला कोरा नकाशा पाठवला होता, की लोकांच्या वहिवाटीच्या वाटा यावर आखून द्या. थॉर्नबेकची शहाणी मंडळी चहाची किटली मध्ये ठेवून बसली. बुजलेल्या, वादातल्या, आजोबांनी कधी पाहिलेल्या, सगळ्या वाटा त्यांनी शोधून शोधून आखल्या. राहिले ती मी! "ही कशाला? ही तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे," असं म्हणून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. सगळ्यांना ठाऊक, म्हणून कागदावर नाही. धन्य ती माणसं!

तेवीस वर्षांपूर्वी हायफोल्डचं शेत कॅव्हेल साहेबांनी विकत घेतलं. माणूस दुष्ट नाही. पण जन्मात कधी पायी चालताना मी त्यांना पाहिलं नाही. फाटकातून मोटार आत, फाटकातून मोटार बाहेर. परवाच्या वसंतात त्यांनी फाटकावर 'खासगी जागा, वाट नाही' अशी पाटी ठोकली आणि कुलूप घातलं. लोक तरीही कुरणात दिसायचेच. मग त्यांनी फाटकाच्या माथ्यावर काटेरी तार लावली. लोक तरीही आत! साहेब फाटकापाशी मोटार थांबवून काच खाली करायचे, तारेकडे बघायचे आणि डोकं खाजवायचे. आणि मी वीस पावलांवर पडल्या पडल्या हसत होते.

पण हसू फार टिकलं नाही. साहेबांनी वर कळवलं, की नकाशात नाही म्हणजे वाटच नाही. गावाने उलट अर्ज केला. नियम असा, की वीस वर्षं लोक कोणाची परवानगी न मागता, कोणी न अडवता चालले असतील, तर वाट लोकांची. एक दिवस जरी मालकाने अडवली असेल, तरी सगळं मुसळ केरात.

जूनमध्ये चौकशी अधिकारी आल्या. टॉलरबाई त्यांचं नाव, हातात वही, पायात चिखलाचे बूट. बूट बघून मला जरा धीर आला. फाटकापाशी सगळे जमले. साहेब मोटारीतून उतरले आणि डायऱ्यांचा गठ्ठा पुढे केला.

"दर नाताळला मी या फाटकाला दिवसभर कुलूप लावतो," ते म्हणाले. "तेवीस वर्षं. माझ्या वकिलाचा सल्ला होता. प्रत्येक नोंद तारखेसह आहे."

सगळ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. मित्रांनो, माझाही जीव टांगणीला लागला. वर्षातून एक दिवस, तोही असा, की सगळं गाव घरात सणाच्या जेवणाचा हंस भाजत बसलेलं. काय डोकं चालवलं होतं!

"हे खरं आहे?" टॉलरबाईंनी विचारलं.

विल्फ डिन्सडेल हा आमचा म्हातारा मेंढपाळ, त्याने टोपी मागे सरकवली. "कुलूप असायचं खरं. नाताळला मेंढ्यांना चारा टाकायला येतो ना मी. मला वाटायचं, शहरातला माणूस, सणाला चोरांची भीती वाटत असेल."

"अरे मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?" हिल्डा कडाडली.

"कोणाच्या भित्रेपणावर काय बोलायचं, हिल्डा? बरं दिसतं का ते?"

टॉलरबाई हिल्डाकडे वळल्या. "तुम्ही जबाबात लिहिलंय की प्रत्येक नाताळला तुम्ही इथून गेलात. मग फाटक बंद असताना काय करत होता? चढून गेलात?"

"फाटक?" हिल्डा म्हणाली. "मला काय ठाऊक त्या फाटकाचं! मी कधी गेलेच नाही फाटकातून."

"बघा!" साहेब उसळून म्हणाले. "बाई स्वतःच कबूल करतायत!"

हिल्डाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांच्या जागी मी असते तर मोटारीत जाऊन बसले असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई काठी टेकत काटेरी झाडाला वळसा घालून गेली. काठी तिने विल्फच्या हातात दिली, झगा एका हाताने उचलला, पहिल्या दगडावर उजवा पाय, दुसऱ्यावर डावा, वर टेकायला तोच झिजलेला दगड, आणि बघता बघता पलीकडे.

"अशी जाते!" भिंतीच्या वरून तिचं फक्त डोकं दिसत होतं. "हातात पुडिंग असलं की एका हाताने. कुलूप कुठे लावलंत म्हणालात?"

साहेबांनी वाकून एका दगडावर बोट ठेवलं. म्हणाले, "हे... हे कधी केलं?"

"तुमच्या पणजोबांचा जन्म व्हायच्या आधी, साहेब," विल्फ म्हणाला. "गाडीतून खाली उतरलं की दिसतं."

टॉलरबाईंनी खळग्यावरून हात फिरवला, वही खिशात घातली आणि स्वतः चढून पलीकडे गेल्या. तो त्यांच्या बुटाचा ठसा मी पुढच्या पावसापर्यंत जपला.

ऑक्टोबरात निकालाचं पत्र आलं. आता नकाशात मी आहे, हायफोल्डच्या शेतातून सरळ जाणारी, बारीक तुटक रेघ. इतक्या पिढ्यांच्या पावलांना एवढीशी रेघ! पण ती पुसायची आता कोणाची छाती नाही.

कॅव्हेल साहेब मात्र हट्टी. याही नाताळला त्यांनी फाटकाला कुलूप लावलं. खुशाल लावा! सकाळी दहा वाजता बर्फाच्या पातळ थरावर हिल्डाचं पाऊल वाजलं. पायऱ्यांशी ती जरा थांबली. गुडघा कुरकुरत होता. विल्फने भांडं धरायला हात पुढे केला तर म्हणाली, "सोड रे, मी नेते. तू नेलंस तर अर्धं वाटेतच संपेल." आणि गेली चढून.

मित्रांनो, मला रंग नको, पाटी नको, कौतुकही नको. देवळाला घंटा लागते, पुलाला खांब लागतात. मला फक्त पाय लागतात. कोणी न चालता एक उन्हाळा गेला तरी माझ्यावर काटे उगवतात, मग नकाशातली रेघ काय चाटायची? तुमच्याही गावात माझी एखादी बहीण असेल. सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून तिला विसरू नका. बूट घाला आणि निघा. वाटेत कोणी 'इथे वाट नाही' म्हणालं, तर भांडू नका. आजूबाजूला नीट बघा, कुठेतरी तीन दगड असतात.