डाव्या हाताचं रीळ

खोकं आलं तेव्हा घरी मी एकटीच होते, आणि ते मीच उघडायचं हे आधीपासून ठरलेलं होतं. पप्पांनी बजावून ठेवलं होतं, "फर्स्ट पीस तू पास करायचा. मी शिफ्टला असलो तरी थांबायचं न्हाई."

पप्पा चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर आहेत. तिथे नवीन लॉट लावला की पहिला पीस आधी तपासतात. तो पास झाला तरच पुढचे पाचशे. ती सवय त्यांनी घरी आणली. आमच्याकडे पहिल्या पोळीचा फर्स्ट पीस होतो, शाळेच्या नव्या युनिफॉर्मचा होतो, दिवाळीच्या चकलीचा तर मी तीनदा करते.

या खोक्यात होतं मासे पकडायचं रीळ. तळ्यातल्या चिलाप्यांसाठी नाही, कुप्यासाठी! कुपा म्हणजे ट्यूना. मालवणपासून बोटीने खूप आत जायचं, शिशाचा चकचकीत मासा दोरीला बांधून सरळ खाली सोडायचा आणि झटके देत वर खेचायचा. कुप्याला वाटतं, जखमी मासा पळतोय. तो येऊन गिळतो, आणि मग पाताळाकडे निघतो. त्या क्षणी तुमच्या हातात काय आहे, यावर सगळं.

आमचं मूळ गाव धाराशिवकडचं. तिथे टँकर आला तर पाणी आलं असं म्हणतात. त्यामुळे बाप-लेकीला समुद्राचं वेड कुठून लागलं, हे आईला आजही कळलेलं नाही. सुरुवात कासारसाईच्या धरणावर झाली, दर दुसऱ्या रविवारी. मग कंपनीतल्या बुद्धभूषणकाकांनी मालवणच्या बोटीचं काढलं. दिवाळीच्या सुट्टीत, सहा जागा. पप्पा, काका, त्यांच्या लाइनवरचे तिघे, आणि सहावी मी.

"मी?" मी दोनदा विचारलं होतं.

"मग कोन? रीळ कोन निवडणार? टीम लीडर हायस तू."

मी नववीत आहे. यंदा ऑगस्टपर्यंत मी वर्गात हात वर न करणाऱ्यांपैकी होते. मग विज्ञान प्रदर्शनात गिअरवर बोलायला कुणीच तयार होईना, म्हणून मला ढकललं, आणि मी बोलले, आणि परीक्षक घड्याळ बघायचं विसरले. दुसरा नंबर! तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही, असं आई म्हणते. खरंच होत नाही.

तर रीळ मी निवडलं. वहीची बत्तीस पानं भरली. शाळेत तेजस्विनीला सांगितलं, "मी रीळ शोधतेय," तर ती म्हणे, "टाक ना मग, गाणं कुठलं?" मी म्हटलं, "अगं बाई, मोबाईलमधलं नाही, माशाचं." त्यावर ती, "माशाचं गाणं?" जाऊ दे.

रीळ दोन प्रकारचं असतं. एक गळाच्या दांड्याखाली लटकतं, ते लांब फेकायला सोपं. त्याची मूठ काढून हवी त्या बाजूला लावता येते. दुसरं दांड्यावर बसतं. सरळ खाली दोरी सोडून मोठं धूड वर उचलायचं तर हे दुसरं बरं, कारण जोर सरळ लागतो. पण याची मूठ ज्या बाजूला आली त्या बाजूलाच राहते, बदलता येत नाही. म्हणून घेतानाच सांगावं लागतं, डावं की उजवं.

मग गिअर. पप्पांचं म्हणणं, एका फेऱ्यात जास्त दोरी गुंडाळणारं घेऊ, पटापटा येईल. मी म्हटलं, "पप्पा, भरलेला ट्रक खंबाटकीचा घाट चढतो तेव्हा कुठल्या गिअरला असतो?"

"पहिल्या."

"कुपा म्हणजे खंबाटकी. पटापटा नको, जोर पाहिजे."

पप्पा किती वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग आईला हाक मारून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? गिअर कटिंगला मी हाय का ही हाय?"

आणि शेवटचा मुद्दा हाताचा. मी डावखुरी. पहिलीत बाईंनी माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली होती, तेव्हा पप्पा शिफ्ट सोडून शाळेत आले होते. "मॅडम, तो बी हातच हाय की," एवढंच बोलले आणि पेन्सिल परत डाव्यात दिली. मला सगळं आठवत नाही, पण त्यांच्या शर्टाला ऑइलचा वास येत होता ते आठवतं.

म्हणून रीळ डावं घ्यायचं, हे त्यांनीच ठरवलं. "माझं काय, मी शिकतो डाव्यानं. तुझा पहिला मासा डाव्या हातानंच यायला पाहिजे." ऑर्डर देताना मॉडेलच्या नावापुढे एल लिहायचं, हे मी वहीत लाल पेनने लिहिलं होतं.

तर खोकं उघडलं. आत फोम, पिशवी, आणि त्यात रीळ. काळंनिळं, हातात घेतलं तर गार आणि जड. मी ते मांडीवर ठेवलं आणि डावा हात मुठीकडे नेला.

मूठ नव्हती. म्हणजे होती, पलीकडच्या बाजूला.

खोक्यावर बघितलं. नावापुढे आर.

मला राग आला, पण खरं सांगू? थोडा आनंदसुद्धा झाला. कारण आता भांडायचं होतं, आणि मला हल्ली भांडता येतं! दुकान मुंबईचं, नंबर खोक्यावरच होता.

"हॅलो, मी मैत्री बोलतेय, चिंचवडहून. तुम्ही आम्हाला चुकीचं रीळ पाठवलंय."

"कुठलं, ताई?"

"एल सांगितलं होतं, आर पाठवलंत. एल म्हणजे लेफ्ट. एवढं तरी बघायचं ना पाठवताना? आम्ही शुक्रवारी निघतोय. उद्याच्या उद्या बदलून द्या, नाहीतर मी फोटोसकट सगळीकडे लिहीन."

"एक मिनिट हां, ताई." कागद चाळल्याचा आवाज आला. "समाधान साहेब, चिंचवड. बरोबर, ऑर्डर एलचीच होती. मग साहेबांचाच फोन आला, आर करा म्हणून. सात तारखेला."

"नाही. चुकतंय तुमचं."

"अहो, मी विचारलंसुद्धा. म्हटलं, मुलगी डावखुरी आहे म्हणाला होतात ना? तर म्हणाले, ती येत नाहीये."

मी म्हटलं, "अच्छा." मग "थँक्यू" पण म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

त्या दिवशी अठ्ठावीस तारीख होती. सात ते अठ्ठावीस, एकवीस दिवस. त्या एकवीस दिवसांत आम्ही गच्चीवरून दोरीने पाण्याची बादली खेचायचा सराव केला होता, माझ्या हाताला फोड येईपर्यंत. पप्पांनी खाली उभं राहून बादली भरून दिली होती. प्रत्येक वेळी थोडं जास्त पाणी. "अजून, टीम लीडर, अजून!" त्याच एकवीस दिवसांत त्यांनी मला विचारलं होतं, की रिळाचा ब्रेक किती किलोला लावायचा. म्हणजे मासा पळाला तर किती ताणावर दोरी सुटायला लागली पाहिजे. जास्त घट्ट लावला तर दोरी तुटते, सैल लावला तर मासा थांबतच नाही. मी म्हटलं होतं, "हिशोब करून ठेवते, पण आकडा बोटीवरच सांगणार. तेवढं सस्पेन्स राहू दे." ते हसले होते. सात तारखेनंतर हसले होते.

साडेचारला कंपनीची बस येते. पप्पा दारातूनच ओरडले, "आलं का? पास का?"

"रिजेक्ट."

"काय करायलीस चेष्टा!" हसत ते बूट काढायला वाकले. "काय झालं?"

"मूठ उजवीकडे आहे."

ते वाकलेलेच राहिले. लेस सोडत म्हणाले, "असं? दुकानवाल्यानं चूक केली आसंल. आता बदलायला बी टाइम न्हाई गं."

तोपर्यंत मला वाटत होतं, ते आत येतील, बसतील आणि सांगतील. मी त्यांच्यासाठी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं, की काही हरकत नाही पप्पा.

"मी दुकानात फोन केला होता," मी म्हटलं.

लेसवरचा हात थांबला.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, केव्हा आली होती कामावरून तेही मला कळलं नव्हतं. ती पप्पांना म्हणाली, "मी म्हटलं होतं तुम्हाला, त्याच दिवशी सांगा."

म्हणजे आईलाही माहीत होतं.

"रविराज सर येऊ लागलेत," पप्पा म्हणाले. ते त्यांचे प्रॉडक्शन मॅनेजर. "कँटीनमधी विषय निघाला, ते म्हणले मला बी घ्या. न्हाई कसं म्हणायचं? जागा सहाच."

"मग बुद्धभूषणकाकांची का नाही दिली?"

"त्यानं तर बोट ठरवली."

"बाकीच्या तिघांतली कुणाची?"

"ते काय म्हणतील, मैत्री? रोज तोंड बघायचं असतंय."

"आणि माझं?"

पप्पा बूट हातात घेऊन उभे राहिले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तू घरची हायस."

हे त्यांना चांगलं वाक्य वाटलं असावं. मलाही कुठल्याही दुसऱ्या दिवशी वाटलं असतं.

"एकवीस दिवस झाले, पप्पा."

"तू एवढी नाचत होतीस. जीभच रेटंना."

"नाचत होते, कारण तुम्ही बादली भरत होता."

त्यांनी बूट कोपऱ्यात ठेवले. पुढच्या वर्षी, म्हणाले. मी वही दप्तरात टाकली आणि भूगोल काढला. नकाशात कोकण किनारा होता, मी पान उलटलं.

गुरुवारी त्यांनी रिळात दोरी भरली. दोरी ओल्या फडक्यातून ताणून भरावी लागते, दोन माणसं लागतात. मी फडकं धरलं. का धरलं? कारण रीळ चांगलं होतं. त्याचा काय दोष? दोनशे मीटर दोरी माझ्या बोटांमधून गेली. भरून झाल्यावर पप्पा म्हणाले, "आता ब्रेकचं तेवढं..." मी म्हटलं, "माझा क्लास आहे," आणि गेले. क्लास नव्हता. स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत आले.

शुक्रवारी दुपारी गाडी खाली लागली. बुद्धभूषणकाका खालीच थांबले, रविराज सर वर आले चहाला. चांगले होते, हे सांगायला हवं. बूट बाहेर काढले, आईला नमस्कार केला. टेबलावर रीळ होतं, ते त्यांनी उचलून उजव्या हाताने मूठ फिरवली. किती सुरेख फिरली ती! आवाजच नाही.

"समाधान, मानलं तुला," ते म्हणाले. "याच्याआधी मी मासा फक्त ताटात बघितलाय. पण तू ग्रुपवर काय समजावलंस! भरलेला ट्रक खंबाटकी कुठल्या गिअरला चढतो? कुपा म्हणजे खंबाटकी. वा! मी आमच्या मीटिंगमध्ये वापरलं ते."

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी पंख्याकडे बघितलं.

"बेटा, तुला आवडतं का हे फिशिंग वगैरे?" सरांनी मला विचारलं.

"कधीकधी," मी म्हटलं.

सर परत रिळाकडे वळले. बाजूची ब्रेकची चकती त्यांनी एक घर पुढे ढकलली, मग मागे. "आणि हे? हे किती ठेवायचं? तू लिहिलं होतंस, यावरच सगळं अवलंबून आहे म्हणून. आकडा काही टाकला नाहीस."

पप्पांनी कप बशीत ठेवला. मग उचलला. मग माझ्याकडे बघितलं. रीळ आल्यापासून पहिल्यांदाच सरळ बघितलं, भुवया जराशा वर, जसे ते कासारसाईला गळ अडकला की बघायचे. काढ गं तेवढा.

आई दारात उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती.

मला सगळं म्हणता आलं असतं. वही आणता आली असती, बत्तीस पानं टेबलावर पसरता आली असती. ऑगस्टपासून मला कुणासमोरही बोलता येतं. पप्पांचा चेहरा सरांसमोर कसा झाला असता, तेही मला दिसलं. किंवा नुसता आकडा सांगता आला असता, आणि पप्पा म्हणाले असते, बघा सर, आमची पोरगी.

"पप्पांना विचारा ना," मी म्हटलं. "त्यांनीच निवडलंय."

सर हसले. "अरे हो, तेच तर विचारतोय. बोल, एक्स्पर्ट!"

"बोटीवर सांगतो, सर," पप्पा म्हणाले. "तेवढं सस्पेन्स राहू दे."

माझं वाक्य. तेही घेतलं.

मी ट्रे आत नेऊन ठेवला आणि खोलीची कडी लावली. खाली गाडीची दारं लागली, एक, दोन, तीन. पप्पांनी खालून एकदा हाक मारली, "मैत्री!" मग थोडं थांबून, "टीम लीडर!" मी गॅलरीत गेले नाही. गाडी सोसायटीच्या गेटवरून वळली तोपर्यंत मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले होते.

आठ किलो. दोरीच्या ताकदीचा तिसरा भाग, आठ किलो. एवढंच होतं.