सव्वीस डिग्री पाणी

"पाणी गार आहे म्हणतायत आमचे मॅनेजर," मुलगा म्हणाला. "सामन्यासाठी किती असायला हवं ते तुम्हाला माहीत आहे का, असं विचारतायत."

पंपकाकांनी आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग मुलाकडे. मॅनेजर हातातली फाईल हलवत आपल्या भाषेत तावातावानं बोलत होता. मुलगा दुभाष्याचं काम करत होता, आणि ते करताना त्याची नजर तलावाच्या पलीकडच्या भिंतीवर होती.

"पंचवीस ते सत्तावीस चालतं," पंपकाका म्हणाले. "सकाळी सहाला सव्वीस होतं. तुमच्यासमोर मोजतो."

ते काठाशी ओणवे झाले आणि दोरीला बांधलेला थर्मामीटर त्यांनी पाण्यात सोडला. पारा स्थिरावायला दोन मिनिटं लागतात. चार वर्षांनी मुलगा हाताच्या अंतरावर उभा होता, आणि ती दोन मिनिटं दोघंही पाऱ्याकडे बघत होते.

"सव्वीस," त्यांनी वर करून दाखवला.

मुलानं मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरनं डोळे बारीक करून आकडा वाचला, खांदे उडवले आणि चालू पडला.

"तुम्हाला त्रास दिला," मुलगा म्हणाला आणि त्याच्यामागे गेला.

लहानपणापासून बापाला अरे-तुरे करणारा पोरगा. 'तुम्ही' म्हणाला.

उंच खुर्चीवर बसलेला जीवरक्षक त्यांचा जुना दोस्त. त्यानं वरूनच विचारलं, "काय रे पंप्या, काय म्हणत होता तो?"

"पाणी गार लागतंय म्हणे."

"मग सांगायचं ना, हातपाय हलवा म्हणावं, आपोआप गरम होईल!" तो हसला, मग त्यानं त्या पाठमोऱ्या जोडीकडे निरखून पाहिलं. "तो डावीकडचा... तुझा पोरगा ना रे तो?"

"हो."

"आणि तू त्याला डिग्र्या सांगत बसलास?"

पंपकाका थर्मामीटरची दोरी गुंडाळत पंपघराच्या जिन्याकडे गेले.

एकतीस वर्षं ते या तलावाचं पाणी सांभाळत होते. गाळायचं, औषध टाकायचं, तापवायचं, उन्हाळ्यात शेवाळं धरू द्यायचं नाही. खरं नाव पगारपत्रकात होतं, तेवढंच. मुलगा चालायला लागला तेव्हापासून पहाटे, लोक यायच्या आधी, ते त्याला पाण्यात सोडायचे. त्याची आई पायरीवर टॉवेल मांडीवर घेऊन बसायची आणि म्हणायची, "अहो, पोराला मासा करताय की माणूस?" पोरगा वॉटर पोलो खेळायला लागला. त्यात तळाला पाय टेकायचे नाहीत, पाण्यात उभं राहूनच चेंडू झेलायचा, फेकायचा, वर अंगावर येणाऱ्याला ढकलायचं. त्यानं ते असं काही उचललं की एकोणिसाव्या वर्षी परदेशातल्या एका क्लबनं त्याला नेलं. पुढे तिथलंच नागरिकत्व मिळालं, आणि तिथल्या राष्ट्रीय संघाची टोपीही.

पहिल्यांदा टोपी मिळाली त्याच महिन्यात आई गेली. आजार त्याला कळवलाच नव्हता. ती गेल्यावर पंपकाकांनी फोन केला. "मला आधी का नाही सांगितलंस?" मुलानं विचारलं. "तिनंच सांगितलं होतं," पंपकाका म्हणाले. "पोराची स्पर्धा आहे, त्याला कळवू नका म्हणाली." मग "आणि तू ऐकलंस?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. नंतर तो आलाच नाही. वर्षातून एखादा निरोप, तोही दोन ओळींचा.

आता सहा देशांची स्पर्धा इथे भरली होती, आणि आज त्याचा संघ यजमान संघाशी खेळणार होता.

दुपारी सामना सुरू झाला तेव्हा बाकं खच्चून भरली होती. पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्या, आपल्यांच्या निळ्या. मुलाच्या टोपीवर चार आकडा होता. चेंडू त्याच्या हातात गेला की बाकांवरून आरडाओरडा व्हायचा. "फितूर! फितूर!" कोणीतरी ओरडलं आणि बाकीच्यांनी ते उचलून धरलं. पंपकाका जिन्याच्या अरुंद दारात उभे राहून बघत होते. मुलगा कंबरेपर्यंत पाण्याबाहेर उसळायचा, हात मागे न्यायचा आणि गोलकीपरची नजर एका बाजूला वळवून दुसऱ्या बाजूनं चेंडू मारायचा. ही हुलकावणी त्याला त्यांनी शिकवली नव्हती. त्यांना फक्त पोहणं येत होतं.

तिसऱ्या डावात जाळ्यापाशी झोंबाझोंबी झाली. कोणाचं तरी कोपर लागलं. शिट्टी वाजली. चार नंबरची टोपी क्षणभर पाण्याखाली गेली आणि वर आली तेव्हा डोळ्यावरून रक्त वाहत होतं, भोवतालचं पाणी गुलाबी होत होतं. बाकं एकदम शांत झाली. मुलगा एका हातानं पोहत काठाला आला आणि दोघांनी त्याला धरून प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं.

पंपकाकांनी पाऊल उचललं, तेवढ्यात स्पर्धेचे सेक्रेटरी धावत आले. "काका, पाणी बघा पटकन! सामना थांबलाय."

त्यांनी बाटली बुडवून नमुना घेतला. नळीत औषधाचे थेंब टाकले, रंग उजेडाकडे धरून बघितला. पुन्हा एकदा बघितला.

"ठीक आहे. खेळू द्या," ते म्हणाले, आणि मग खोलीकडे गेले.

नर्सबाई मुलाच्या भुवईवर कापसाची घडी दाबून उभ्या होत्या. "काका, जरा बाहेर थांबता का?"

"मी त्याचा बाप आहे."

नर्सबाईंनी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. "मग या इकडे. हे दाबून धरा, सोडू नका. टाके पडतील. मी डॉक्टरांना घेऊन येते."

पंपकाकांनी घडी धरली. मुलानं डोळे मिटून घेतले होते.

"दुखतंय?"

"नाही." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुझ्या हाताला अजून क्लोरीनचा वास येतो, बाबा."

"आता तो माझ्याबरोबरच जायचा."

मुलगा किंचित हसला. "तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवून आलो होतो. सकाळी तू ओणवा झालास ना पाण्यावर, तेव्हा तुझी पाठ दिसली. म्हातारा झालास रे."

"होणारच की."

"माझं चुकलं. तुझा काय दोष? जन्मभर तू तिचं ऐकत आलास, तेव्हाही ऐकलंस. चूक तिची. मरायला टेकलेलं माणूस आपल्या पोराला बोलवू नका म्हणतं? चार वर्षं मी तिच्याशी भांडतोय मनातल्या मनात. तिचा फोटोसुद्धा मी कपाटात घालून ठेवलाय. बघवत नाही मला."

पंपकाकांच्या हाताखाली त्याची शीर उडत होती. मुलगा आपल्या पायांनी परत आला होता. काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं 'हूं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाहेर शिट्टी वाजली, सामना पुन्हा सुरू झाला.

"ती तसं म्हणाली नव्हती," ते म्हणाले.

मुलानं डोळे उघडले.

"कळवू नका असं ती कधीच म्हणाली नाही. रोज विचारायची, पोराला कळवलंत का. मी म्हणायचो, कळवलंय, निघालाय. शेवटचे नऊ दिवस."

"काय बोलतोयस तू?"

"डॉक्टर महिना म्हणाले होते. तुझी स्पर्धा बारा दिवसांत संपत होती. पहिली टोपी तुझी. मला वाटलं, दोन्ही साधेल. तू खेळशील आणि येशीलही. नाही साधलं." "तू फोनवर विचारलंस तेव्हा माझ्या तोंडून तिचं नाव गेलं. मेलेलं माणूस काय बोलणार होतं? मग ते मागे घेता आलं नाही."

"म्हणजे ती वाट बघत होती."

"हो."

मुलगा पलंगावर उठून बसला. त्यानं हात वर केला, बापाच्या बोटांखालची घडी काढून घेतली आणि स्वतःच भुवईवर दाबली.

"मी धरतो," तो म्हणाला.

डॉक्टर आले. पंपकाका बाहेर आले. आपला संघ एका गोलानं जिंकला तेव्हा बाकं दणाणली. ते पंपघरात यंत्राच्या आवाजात बसून होते.

साडेचारच्या सुमाराला मुलगा जिना उतरून खाली आला. अंगात संघाचा कोट, भुवईवर पट्टी. पंपाच्या घरघरीत त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

"आमची बस सहाला आहे. घराची किल्ली द्या."

"मी येतो बरोबर. पाचच मिनिटं थांब, हे..."

"नको. तुम्ही नका येऊ."

पंपकाकांनी खिशातून किल्ली काढून दिली. "शेजारी वहिनींकडे ठेवून जा."

त्यानं मान हलवली आणि दोन-दोन पायऱ्या चढत गेला. लहानपणी याच जिन्यावर त्याला असं चढू नकोस म्हणून ते ओरडायचे.

पुढचे दोन तास त्यांनी काम केलं. गोलची जाळी ओढून काठाला आणली. गाळण्या उलट्या पाण्यानं धुतल्या. सहा वाजले तेव्हा वर जाऊन बघावं असं वाटलं, पण वाहनतळ दिसतो त्या खिडकीपाशी ते गेले नाहीत.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारच्या वहिनी किल्ली घेऊन दारातच उभ्या होत्या. बायकोच्या आजारपणात या वहिनीच दुपारी तिच्यापाशी बसायच्या.

"येऊन गेला हो भावजी. तासभर होता. चहा घे म्हटलं, तर नको म्हणाला."

"काही बोलला?"

"मधेच बाहेर आला आणि मला विचारलंन, काकू, आई शेवटी कुठल्या कुशीवर झोपायची?" वहिनींनी पदरानं नाक पुसलं. "मी सांगितलं, दाराकडे तोंड करून. मग पुन्हा आत गेला."

पंपकाकांनी कुलूप उघडलं. आतल्या खोलीत तिचा पलंग होता. ती गेल्यापासून त्यावरची गादी गुंडाळून भिंतीला लावलेली असायची. आज ती पसरलेली होती. वर चादर नव्हती, नुसती गादी, आणि दाराच्या बाजूला सरकवलेली उशी.

गादी उचलायला म्हणून ते वाकले. उशीत डोक्याचा खळगा तसाच होता. ते थांबले, आणि हात मागे घेतला.

स्वतःचं अंथरूण त्यांनी बाहेरच्या खोलीत घातलं, आणि मधलं दार उघडंच ठेवलं.