खोटं निघालेलं शून्य

तुमच्या हिरडीला कधी एखादी थंडगार पोलादी काडी लागली असेल, तर मित्रांनो, ती मी तरी असेन, नाहीतर माझी एखादी बहीण. आता मी जुनी झाले. डॉक्टर मला प्रोब म्हणतात. माझी मान वाकडी आहे आणि टोकाला मोहरीहूनही बारीक गोळी आहे, कारण मला टोचायचं नसतं, नुसतं विचारायचं असतं. गोळीच्या वर एक काळा पट्टा. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत मी अलगद उतरते. हिरडी धडधाकट असेल तर पट्टा सगळा बाहेर राहतो. हिरडी दाताला सोडू लागली, की तो बुडत जातो.

कारखान्यात मला तापवलं, ताणलं, घासून गुळगुळीत केलं, अंगावर खुणा कोरल्या. तिथून मी नगर जिल्ह्यात आले, बेलापूरच्या डॉ. सुमैरा यांच्या हातात. हात असा हलका, की रडणारी पोरंसुद्धा माझ्याकडे बघता बघता गप्प व्हायची. दर माणसामागे वाफेच्या भांड्यात मला कडक शेक मिळायचा. तो सोसला, पण कुणाचं दुखणं कुणाला दिलं नाही.

माझं काम अंकांचं. दातावर कीटण किती चढलंय, याचा एक अंक. किडलेले, किडीपायी काढलेले आणि भरलेले दात मिळून दुसरा. मी फिरल्यावर हिरडीतून रक्त येतं का, याचा तिसरा. आमचा हिशेब शाळेच्या उलटा असतो. अंक मोठा, तर दुखणं मोठं. संगमनेरच्या एका शाळेत एक चिमुरडी मैत्रिणीला वेडावत होती, "मला सहा पडले, तुला दोनच." डॉक्टर तिच्या किडलेल्या दुधाच्या दातांकडे बघत राहिल्या. त्यांना हसूही येईना.

म्हणून 'शून्य' हा शब्द मला फार आवडायचा. लेकराचा ताप उतरल्यावर आईला जसं हलकं वाटतं, तसं मला वाटायचं. त्या शब्दावर माझा आंधळा विश्वास होता.

मग एकदा कर्जतजवळच्या एका गावात शिबिर भरलं. ग्रामपंचायतीच्या ओसरीत खुर्ची मांडली होती. कडूबाई आपल्या सुनेला, सृष्टीला, घेऊन आल्या. सृष्टीला पाचवा महिना होता. "आधी माजं बघा," म्हणत सासूबाईच खुर्चीत बसल्या.

मी त्यांच्या हिरडीवरून फिरले. थेंबभरही रक्त नाही.

"रक्त शून्य," डॉक्टर म्हणाल्या.

"शून्य?" कडूबाईंनी डोळे वटारले. "डॉक्टरीनबाई, येवढ्या लांब चालत आले ते नापास व्हायला व्हय?"

"नाही मावशी, रक्ताचं शून्य चांगलं असतं."

"आसं म्हना की." त्यांनी सुनेकडे मान वळवली. "बघ गं. तुझी आई म्हनती मिश्री वंगाळ. तिला म्हनावं, ये कर्जतला आन् बघ माजं तोंड."

सृष्टी पदराआड हसली. मीही खुशीत होते. तेवढ्यात डॉक्टरांनी मला मागच्या दाढेशी उतरवलं.

मी उतरतच गेले. पट्ट्याची खालची कड बुडाली, मग वरची, आणि पट्टा दिसेनासा झाला. खाली कुठे ठाव लागेना. मित्रांनो, माझं पोलाद गारठलं. वरून एवढी शांत, घट्ट हिरडी, आणि आत दाताला धरायला हाडच उरलं नव्हतं. डॉक्टरांनी कडूबाईंचं बोट धरून त्या दाढेवर ठेवलं. दाढ हलली.

"आन् रक्त तर न्हाई," कडूबाई पुटपुटल्या.

"मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, मावशी. तिनं हिरडीतल्या रक्ताच्या नळ्या आवळतात. हिरडी सुजली, की रक्त काढून हाक मारते. तुमची मुकी झालीय."

कडूबाईंचा चेहरा उतरला. पण त्या आपल्या दाढेचा विचारच करत नव्हत्या. त्या सृष्टीकडे बघत होत्या.

"हिचं रक्त यायचं वो, पोटुशी राहिल्यापासनं," त्या म्हणाल्या. "थुकलं की लाल. जीव भ्यायचा माजा. म्हून म्याच तव्यावर मिश्री भाजली, म्याच हिच्या बोटाला लावली. रक्त थांबलं. म्या आख्ख्या आळीला सांगितलं, सुनंचं दुखनं बरं केलं म्हून."

सृष्टी खुर्चीत बसली. मी तिच्या कोवळ्या हिरडीवरून फिरले. शून्य. तोच माझा लाडका शब्द, आणि तो ऐकताना मला पहिल्यांदा भीती वाटली. इतकी वर्षं मी असली किती शून्यं खरी मानली असतील?

"पोटातल्या लेकराला कळतं का वो हे?" कडूबाईंनी सृष्टीच्या पोटाकडे बघत विचारलं.

"तंबाखू आईच्या रक्तातून त्याच्यापर्यंत जाते. बाळ कमी वजनाचं होतं, कधी वेळेआधी येतं," डॉक्टर म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी दिला नाही. "आजच बंद करा, आणि सरकारी दवाखान्यात सगळं खरं सांगा. आज थांबवलं तर बाळाचा फायदाच आहे."

"मी सांगेन," सृष्टी म्हणाली. "आत्याबाई, तुमीबी चला संगं."

पुढच्या महिन्यात दोघी पुन्हा आल्या. या वेळी सासू उभी राहिली आणि सून बसली. मी हळूच फिरले, आणि मागोमाग लाल थेंब उमटला. कडूबाई वाकून वाकून बघत होत्या.

"आलं का रक्त?"

"आलं, मावशी. हिरडी बोलायला लागली. आता कीटण काढू, नीट ब्रश शिकवते. मग खरं शून्य येईल."

"आलं बाई," म्हणत कडूबाई पदरानं डोळे पुसू लागल्या. रक्त बघून कुणाला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"आन् तुमची मिश्री?" सृष्टीनं विचारलं.

"सुटंना की गं. रोज भांडती तिच्याशी."

आता माझा पट्टा पुसट झाला आहे. पुसट पट्ट्यावर माप कसं घेणार, म्हणून मला कपाटात ठेवलंय. कधीतरी एखादी विद्यार्थिनी प्लास्टरच्या जबड्यावर माझ्याशी सराव करते. त्या जबड्यातून रक्त येत नाही, आणि ते मला बरं वाटत नाही. मित्रांनो, उद्या चूळ भरताना लाल दिसलं, तर ते लपवू नका आणि कुणाच्या डबीतलं काही चोळून हिरडीला गप्पही बसवू नका. आईला बोलवा, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. बोलणारी हिरडी अजून वाचवता येते.