काचेवरची टिचकी

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर गेज आहे. म्हणजे तसं मी म्हणतो. तुम्ही लगेच विश्वास ठेवू नका. मीही कोणावर ठेवत नाही. गोल तबकडी, एक काटा, वर काच, एवढाच माझा संसार. नळीतून गॅस किती जोराने येतोय, ते मी दाखवायचो.

पितळकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथेही पुन्हापुन्हा तपासूनच मला बाहेर सोडलं. मग मी औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात, भट्टीशेजारच्या भिंतीवर आलो. ती भट्टी कधीच विझवत नसत. आतली वितळलेली काच थिजली, तर भट्टीच तडकते. तिच्यासाठी दोघे सख्खे भाऊ राबत. थोरला भट्टीमास्तर, धाकटा फिटर. काटा अडकलाय का, हे बघायला थोरला जाता-येता माझ्या काचेवर टिचकी मारायचा आणि "शाबास रे पठ्ठ्या!" म्हणायचा. मला राग येत नसे. संशयी माणसं मला आवडतात.

एके दिवशी काटा खाली सरकला. दूरच्या समुद्रात गॅसची जहाजं अडली होती. जी सुटली, ती जास्त भाव देणाऱ्या देशांनी पळवली, असं रेडिओ सांगत होता. पण रेडिओवर कोण विश्वास ठेवणार? औषधवाल्यांना वाटलं, भाव चढवायला आम्ही बाटल्या दडवतोय. आम्हाला वाटलं, गॅसवाले गॅस दडवतायत. गॅसवाले जहाजवाल्यांकडे बोट दाखवत होते. बाटल्या कमी पडल्या म्हणून कुठल्या कुठे खोकल्याचं औषध महागलं, माल नेणारे ट्रक उभे राहिले. मला तर माझ्याच स्प्रिंगचा संशय येऊ लागला.

"दादा, बाटल्या काढणं थांबवू या," धाकटा म्हणाला. "आहे तो गॅस नुसती भट्टी गरम ठेवायला पुरेल."

"म्हणजे मालक फाटकाला कुलूप लावायला मोकळे! त्यांच्या सांगण्यावरून काटा कोणी खाली आणलाय, ते सांग आधी."

"मी? अरे, मी तुझा भाऊ आहे."

"गेजला हात तुझाच लागतो ना?"

धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला. बाटल्या निघतच राहिल्या आणि होता तो गॅसही संपत आला. शेवटी थोरल्याने स्वतः बाजारातून कोरा गेज आणला, मला काढलं आणि तो बसवला. नव्याचा काटा डुगडुगला आणि बरोबर माझ्याच आकड्याशी थांबला. थोरल्याने टिचकी मारली. पुन्हा मारली. तोवर आतली काच घट्ट झाली होती. भट्टीला तडा गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मी खरा ठरलो, पण मला मुळीच आनंद झाला नाही.

कारखाना बंद पडला. धाकटा दुसऱ्या गावी कामाला गेला. जाताना भावाला भेटला नाही. मी आता थोरल्याच्या घरी, फोनशेजारच्या फळीवर धूळ खात पडलोय. कशालाच जोडलेला नाही. तरी तो टिचकी मारतो, फोन उचलतो, धाकट्याचा अर्धाच नंबर लावतो आणि ठेवून देतो.

मित्रांनो, शंका जरूर घ्या, माझ्यावरही घ्या. पण गॅस खरंच कमी आहे असं दिसलं, की आधी तो जपा. चोर नंतर शोधा. बऱ्याचदा तो नसतोच.

काल थोरल्याने सगळा नंबर लावला.

"काटा खरा होता रे," तो म्हणाला.

मग त्याने फोनवर हलकेच टिचकी मारली.

"ऐकतोय, दादा," धाकटा म्हणाला.