एक हजार एक

भाऊंच्या घशातला आवाज डॉक्टरांनी काढला, तो जीव वाचवायला. साठवलेला आवाज तुम्ही घालवलात. कशासाठी?

भाऊ म्हणजे माझे वडील, मोटार मेकॅनिक. ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस त्यांनी माइकसमोर नऊशे वाक्यं वाचली. त्यातून तुमच्या आरोग्य खात्याने दिलेल्या लिनक्सच्या संगणकावर त्यांचा आवाज तयार झाला. भाऊ टाइप करायचे आणि मशीन त्यांच्याच आवाजात डाफरायचं, "अगं ए, जेवण आज मिळणार की उद्या?"

आई म्हणायची, "गळा कापला तरी जिभेला हाड नाही ते नाहीच."

मंगळवारी सकाळी मशीन परक्याच आवाजात, बातम्या वाचल्यासारखं म्हणालं, "अगं ए." आई आलीच नाही. तिला रेडिओ वाटला.

मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही, पण मशीनच्या नोंदी मला वाचता येतात. अपडेटच्या नावाखाली बोलण्याचा प्रोग्राम दोन वर्षं जुन्या आवृत्तीवर उतरवला होता. मी नवी आवृत्ती टाकली. तासाभरात पुन्हा जुनी. शेवटी एका फाइलीत तुमच्या भांडाराला, म्हणजे मशीन जिथून प्रोग्राम उतरवून घेतं त्या साठ्याला, दिलेला प्राधान्याचा आकडा सापडला: १००१. आकडा हजाराच्या आत असेल तर मशीन मागे जात नाही. हजार ओलांडले की तुमच्याकडे असेल तीच आवृत्ती बसवतं, जुनी असली तरी.

आकडा खोडला, नवी आवृत्ती बसवली. आवाजाची फाइल रिकामी. जुन्या प्रोग्रामला ती वाचता आली नव्हती. त्याने विचारलं होतं, "फाइल खराब आहे. नवी बनवू?" भाऊंनी 'हो' दाबलं होतं.

"का दाबलंत, भाऊ?"

त्यांनी कागदावर लिहिलं, "खात्याचं मशीन. म्हटलं, त्याला कळत असेल."

तुमच्याकडच्या राखीव प्रतीवरही तीच रिकामी फाइल चढली. मूळ रेकॉर्डिंग तुम्ही नियमाप्रमाणे आधीच पुसलेलं.

तुमच्या माणसाला फोन केला.

"ताई, सगळ्या मशीन एकसारख्या हव्यात. सांभाळायला सोपं."

"कुणाला सोपं?"

त्याने फोन दुसरीकडे जोडून दिला. तिथे कुणी उचलला नाही.

भाऊ आता टाळी वाजवून आईला बोलावतात. परवा ती समोर येऊन बसली. "भांडा की माझ्याशी," म्हणाली. भाऊंनी कागद ओढला, दोन शब्द लिहिले, खोडले.

१००१ हा आकडा कुणी लिहिला? लिहिण्याआधी आमच्यासारख्या किती घरांत विचारलं? नावासकट लेखी उत्तर द्या. भाऊंना वाचायचंय.