पाणी उकळेपर्यंत

मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्यापैकी कोणाकोणाच्या आईची नाळ मी कापली आहे. तेव्हा जरा मान ठेवून ऐका.

लोहाराने मला पोलादातून घडवलं. भट्टीत लालभडक केलं, ऐरणीवर बदडलं, दोन्ही पाती एका खिळ्यावर बसवली आणि एका सुईणीच्या हाती दिलं. सगळी गल्ली तिला आक्का म्हणे. घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची, हेच तिचं काम.

आक्काचा एक नेम होता. नाळ कापण्याआधी मला पाण्यात घालायचं, पाणी चांगलं खदखदू द्यायचं आणि मगच बाहेर काढायचं. बंगला असो की पत्र्याची खोली, सवलत कुणालाच नाही. तिची धाकटी जाऊ मोठी देवभक्त. तासन्‌तास हात जोडून बसे आणि वर टोमणे मारी, "जाऊबाई, देवाचं नाव कधी घेणार? का जन्मभर कात्रीच शिजवणार?"

"नाव तू घे, मी त्याचं ऐकते," आक्का म्हणे. "जीव हातात दिलाय, नीट धर म्हणालाय. मला एवढंच कळतं."

आक्काच्या हातचं मूल दगावत नाही, असं लोक म्हणत. त्यातलं अर्धं श्रेय माझं, पण कात्रीला विचारतो कोण!

एका दुपारी आक्काच्याच लेकीला कळा सुरू झाल्या. मला उकळून स्वच्छ फडक्यावर ठेवलं होतं. बाळ आलं, पण रडेना. निळसर, गप्प. धाकटी घाबरून पुढे धावली, तिचा धक्का लागला आणि मी खाली फरशीवर आपटले. पातेलं रिकामं होतं. उकळलेलं पाणी तिनेच अंघोळीच्या बादलीत ओतलं होतं.

"पुसा नि कापा!" धाकटी ओरडली.

आक्काचा हात माझ्याकडे आला.   वाटलं, आज नेम मोडणार. कुणी बोल लावला नसता. लेक तिची, घर तिचं.

"पाणी ठेव," आक्का म्हणाली.

"अहो, नातू आहे तुमचा!"

"म्हणूनच ठेव. देवाचा हुकूम घर बघून बदलत नाही. नाळ कापायला उशीर चालेल, पोराच्या श्वासाला चालणार नाही. त्याच्याकडे मी बघते. तू स्टोव्ह पेटव!"

मला पुन्हा पातेल्यात घातलं. तिथून काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आक्का बाळाची पाठ चोळत होती. "रड रे राजा, रड." लेक विचारत होती, "आई, हा रडत का नाही?"  पाणी नुसतं कोमट. मी मनात त्याला म्हटलं, बाबा रे, जरा घाई कर. तळाशी बुडबुडे जमू लागले. लेकीचा हुंदका आला. आणि मग मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज, आणि पाठोपाठ घर डोक्यावर घेणारं रडं!

धाकटी मला काढायला धावली. "रडला! आता तरी कापा!"

"पाणी उकळलं?"

"अहो, आता कशाला..."

"उकळू दे."

पाणी खदखदलं. मग आक्काने दोरा बांधला, मला हाती घेतलं आणि नाळ कापली.  काम झालं तशी ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि पोरीसारखी रडली.

धाकटीने तिचा खांदा धरला. "चला जाऊबाई, आता तरी देवासमोर हात जोडा."

"जोडते," आक्का डोळे पुसत म्हणाली. "आधी कात्री धुऊन ठेवते. पलीकडच्या गल्लीतल्या सुनेचे दिवस भरलेत."

आज आक्का नाही. मी फडताळात पडून असते. कुणी माझ्याने सुतळी कापतं, कुणी डब्याचं झाकण उचकटतं. मित्रांनो, तेलाचा एक थेंब दिलात तर बरं वाटेल. पण खरं मागणं वेगळंच आहे. देवाने कुणाचं काही तुमच्या हाती सोपवलं असेल, वेळ अंगावर आली असेल आणि विचारणारं कुणी नसेल, तेव्हा नुसतं पुसून चालवून घेऊ नका.