डावीकडून चौथं यंत्र

क्लबमध्ये तिला सगळे ‘मीटर’ म्हणायचे. खरं तर मीटर ही तिच्या पिशवीतली वस्तू होती, ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं तळहाताएवढं उपकरण. पण रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती क्लबात आली आणि पहिल्याच दिवशी भिंतीवरचं घड्याळ ‘चार मिनिटं पुढे आहे’ म्हणून खाली उतरवलं, तेव्हाच सेक्रेटरीकाकांनी हे नाव ठेवून दिलं. ते चिकटलं.

क्लबाची कामं बरीच होती. रक्तदान, बागेची साफसफाई, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवणं. तिच्याकडे साहित्य विभाग होता. मागच्या खोलीत चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, दोन पलंग आणि ऑक्सिजन तयार करणारी सहा यंत्रं. ज्याला गरज असेल त्याने न्यायची, काम झालं की परत आणायची. यंत्रं हवेतूनच ऑक्सिजन गाळून घेतात. धडधाकट यंत्र शंभरातले त्र्याण्णव भाग ऑक्सिजन देतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सहाही यंत्रं तीन-तीन मिनिटं चालवून आकडा वहीत लिहायची.

सेक्रेटरीकाका म्हणजे तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. क्लबाच्या वार्तापत्राचे संपादक तेच, फोटो काढणारे तेच आणि जुन्या व्हॅनचे चालकही तेच. त्यांचा एक नियम होता: काम झालं पण फोटो झाला नाही, तर काम झालंच नाही. एकदा फोटो हलला म्हणून त्यांनी बागेतला झाडलेला पाचोळा पुन्हा पसरायला लावला होता.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास ती आणि काका क्लबच्या टेबलाशी बसून वार्तापत्राची कच्ची प्रत वाचत होती. काका मोठ्याने वाचायचे, ती चुका काढायची.

“पान तीन. ‘अध्यक्ष यंत्रांना क्लबचं नवं बोधचिन्ह लावताना.’ फोटो बघ कसा आलाय. नाहीतर तू म्हणशील, काकांना जमत नाही.”

तिने फोटो बघितला. मंगळवारचा होता. सहा यंत्रं एका ओळीत, मागे सदस्य, आणि अध्यक्ष डावीकडून चौथ्या यंत्राच्या मुठीवर हात ठेवून हसताहेत. त्यांच्या बोटांच्या फटीतून पिवळं काहीतरी दिसत होतं.

पिवळी चिकटपट्टी.

तिने पान डोळ्यांजवळ नेलं. ही पट्टी तिच्या हाताला लागली होती.

रविवारी तपासताना पाच यंत्रं ठीक निघाली होती. सहाव्याचा आकडा अठ्ठावन्नावर चढला आणि तिथेच बसला. यंत्र गुणगुणत होतं, हवा सोडत होतं, पण ती निम्मी-अर्धी साधीच हवा होती. धोक्याचा दिवा असलं काही त्या जुन्या यंत्राला नव्हतं. तिने त्याला लाल चिठ्ठी बांधली: ‘देऊ नये. ५८. रविवार.’ खाली सही. यंत्राचा क्रमांक तेवढा लिहिला नाही. क्रमांक बुडाला बारीक अक्षरात कोरलेला असतो, सोळा किलोचं धूड उलथं कोण करणार? आणि चिठ्ठी यंत्रालाच तर बांधलेली होती. बांधताना मुठीवरची सुटत आलेली पिवळी चिकटपट्टी तिच्या तळव्याला चिकटली होती. तिने रुमालाला हात पुसला होता.

मंगळवारी काका म्हणाले होते, “मीटर, ती लाल चिठ्ठी दहा मिनिटं काढ गं. फोटोत जखमेसारखी दिसते.” तिने काढली आणि खिशात ठेवली. फोटो झाल्यावर मंडळींनी यंत्रं ढकलत परत नेली. आणि तिने, जी घड्याळाची चार मिनिटं सोडत नव्हती तिने, ‘बिघडलेलं खिडकीच्या कोपऱ्यात होतं’ एवढ्या आधारावर कोपऱ्यातल्या यंत्राला चिठ्ठी बांधून टाकली.

आज सकाळी दहाला एक यंत्र गेलं. टेलरमास्तर स्वतः न्यायला आले होते, मोठ्या बहिणीसाठी. तिने यंत्र दारापर्यंत आणून दिलं होतं. आणि मग रुमालाला हात पुसला होता.

तिने खिशातून रुमाल काढला. मधोमध दोन चिकट, काळपट डाग होते. एक जुना, एक ताजा.

“काय झालं? एवढी पांढरी काय पडलीस?” काका म्हणाले.

ती उठून मागच्या खोलीत गेली. खिडकीच्या कोपऱ्यात लाल चिठ्ठीचं यंत्र उभं होतं. तिने मुठीवरून हात फिरवला. मूठ गुळगुळीत होती. उरलेल्या चारही मुठींवरून फिरवला. पिवळं कुठेच नव्हतं.

“काका, बिघडलेलं यंत्र मास्तरांच्या घरी गेलंय.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुकानातली सवय. “फोन लाव.”

तिने लावला. घंटा वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना तिची बोटं भलत्याच आकड्यांवर पडत होती.

“शिलाई यंत्रावर असतील. त्या खडखडाटात ऐकू येत नसेल,” काका म्हणाले.

“सहा तास वीस मिनिटं झालीत, काका. त्यांच्या बहिणीला अर्धाच ऑक्सिजन मिळतोय. त्यांचं फुप्फुस निम्मं गेलेलं आहे.”

काकांनी रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, अर्धा तास लागेल. मास्तरांचं घर व्हॅनने बारा मिनिटांवर होतं.

“उचल ते चिठ्ठीवालं,” काका म्हणाले. “ते तर चांगलं आहे ना?”

“असायला हवं.”

“‘असायला हवं’ काय? तू तर दशांश चिन्हात बोलणारी.”

ती हसली नाही. आता कशाचीच खात्री राहिली नव्हती. जी वही तिला कालपर्यंत दगडावरची रेघ वाटत होती, तिच्यातल्या ओळी आता कुठल्या यंत्राच्या, हे कोण सांगणार?

व्हॅनमध्ये तिने यंत्र दोन्ही गुडघ्यांमध्ये आवळून धरलं. शाळा सुटण्याची वेळ. रस्ता ओलांडणाऱ्या मुलांची रांग संपता संपेना. एक मुलगी मध्येच थांबून बुटाची नाडी बांधू लागली. काकांनी हॉर्नवर हात नेला आणि मागे घेतला.

“चिठ्ठी काढ म्हणून मीच म्हणालो होतो,” ते समोर बघत म्हणाले.

“काढली मी. आणि बांधलीही मीच.”

“बरं, भांडू नको. चूक दोघांना पुरेल एवढी आहे.”

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी घंटाही वाजली नाही. फोन बंद होता.  माणूस फोन बंद कधी करतो? डॉक्टरांपुढे. किंवा सगळं आटोपल्यावर, कुणाशी बोलवत नाही तेव्हा.

मास्तर दुसऱ्या मजल्यावर राहत. जिना अरुंद होता, काकांचा गुडघा दुखरा. ती वरून ओढत होती, काका खालून रेटत होते. पायरीगणिक यंत्राची चाकं ठणठण आपटत होती. दाराशी पोचल्यावर तिने कान लावला. शिलाई यंत्राचा आवाज नव्हता. आत फक्त एक संथ गुणगुण चालू होती. तिच्या यंत्राची. बंद पडलं असतं तर मास्तरांना कळलं तरी असतं. हे इमानाने गुणगुणत होतं, म्हणून तर कुणाला शंका आली नसणार.

तिने दार ठोठावलं. मास्तरांनी किलकिलं केलं. गळ्यात मोजपट्टी, ओठांवर बोट.

“हळू,” ते कुजबुजले. “ताई झोपलीय. महिन्याभरात अशी गाढ झोप लागली नव्हती तिला. दुपारी दोनला डोळा लागला तो अजून. फोनसुद्धा बंद केला मी. तुमचं यंत्र म्हणजे...”

तिने त्यांना बाजूला सारलं. आपण एका वडीलधाऱ्या माणसाला ढकललं, हे तिला नंतर आठवलं.

आतल्या खोलीत अर्धवट शिवलेले कोट खुंट्यांवर लटकत होते. त्यांच्याखाली पलंगावर मास्तरांची बहीण उताणी झोपली होती. नाकाशी नळी. चेहरा शांत, भिजलेल्या कागदासारखा. तिने चादरीवरचा हात उचलला. नखं जांभळी होती. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा क्लबने सोबत दिला होता. तो डबीतच, बंद. ‘झोप मोडेल म्हणून लावला नाही,’ मास्तर दारातून म्हणाले. तिने लावला.

त्र्याहत्तर.

“ताई,” तिने हाक मारली. मग मोठ्याने. मग खांदा हलवला. पापण्या थरथरल्या, उघडल्या नाहीत.

“काका, हे चालू राहू दे, ते दुसऱ्या प्लगला लावा.”

चिठ्ठीचं यंत्र सुरू झालं. आता खरी कसोटी होती. यंत्राला पूर्ण जोर यायला तीन मिनिटं लागतात. तिने मीटर यंत्राच्या तोंडाशी धरलं. चाळीस. त्रेपन्न. तिच्या आयुष्यात तिने असंख्य तीन मिनिटं मोजली होती, पण त्यांना एवढे सेकंद असतात हे ठाऊक नव्हतं. अठ्ठावन्न. आकडा थांबला.  हेच जर ते असेल, रुमाल खोटा असेल, फोटो खोटा असेल... एकसष्ट. सत्तर. ब्याऐंशी. नव्वद. त्र्याण्णव.

तिने ताईंची नळी या यंत्राला जोडली. प्रवाहाचा काटा मिनिटाला दोन लिटरवरच ठेवला. घाबरून वाढवावासा वाटत होता, पण अशा फुप्फुसाला जास्तही सोसत नाही, हे तिला माहीत होतं. मग ती पलंगाशी जमिनीवर बसली आणि चिमट्याच्या लाल आकड्याकडे बघत राहिली. त्र्याहत्तर. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर. मागे मास्तर मोजपट्टी मुठीत गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत होते. 

एकोणऐंशीला ताईंनी डोळे उघडले. चौऱ्याऐंशीला त्यांना समोरची मुलगी दिसली.

“कोण गं तू? हात कशाला धरलायस माझा?”

“मोजतेय, ताई.”

“काय मोजतेयस? पाचच आहेत बोटं. लहानपणापासून.”

मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो हसण्याचा होता की दुसरा कसला, ते कळलं नाही.

रुग्णवाहिका आली तेव्हा आकडा अठ्ठ्याऐंशीवर होता. सोबतच्या डॉक्टरांनी तपासलं, आजची रात्र दवाखान्यात ठेवू म्हणाले, आणि अजून तासभर गेला असता तर, एवढं बोलून वाक्य तसंच सोडून दिलं. ते अर्धं वाक्य तिच्या छातीत जाऊन बसलं.

स्ट्रेचर जिन्यातून खाली जात असताना मास्तर तिच्याजवळ आले. डोळे ओले. “तुम्ही धावत आलात म्हणून. नाहीतर मी तर झोपू दे, झोपू दे म्हणत राहिलो असतो. उपकार कसे फेडू?”

काका खाली बघत होते. आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. यंत्र अचानक बिघडलं, क्लबने वेळेत बदललं. वार्तापत्रात छान दिसलं असतं.

“मास्तर,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच लहान पोरीसारखा वाटला, “ते यंत्र बिघडलेलं होतं. मला रविवारपासून ठाऊक होतं. त्याची चिठ्ठी मी काढली होती. परत बांधली ती दुसऱ्यालाच.”

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले. “काढली कशासाठी?”

“फोटोसाठी.”

“फोटो,” मास्तर म्हणाले. एवढंच. मोजपट्टी गळ्यात टाकून ते जिना उतरून गेले.

दोन्ही यंत्रं तिने आणि काकांनी व्हॅनमधून क्लबात परत आणली. ती रात्र तिने डोळ्यांत काढली. सकाळी सातलाच क्लब उघडला आणि सगळी यंत्रं आडवी पाडली. बुडाचे क्रमांक वाचून ते वर, मुठीखाली, न पुसणाऱ्या रंगाने ठसठशीत काढले. मग प्रत्येक यंत्र तीन-तीन मिनिटं चालवलं. घाईत चारचा आकडा नवासारखा झाला. तो खरवडून पुन्हा काढला.

काका आले, रंगाच्या वासाने नाक मुरडलं, आणि टेबलाशी बसले. “पान तीन कोरं ठेवू? फोटो काढून टाकतो मी.”

“काढू नका. तोच राहू दे.”

“आणि खाली काय लिहू? अध्यक्ष बोधचिन्ह लावताना?”

“लिहा: डावीकडून चौथं यंत्र बिघडलेलं आहे. फोटोसाठी त्याची चिठ्ठी काढली होती. ते एका घरी गेलं.”

“अध्यक्ष मला कच्चा खातील,” काका म्हणाले आणि लिहू लागले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मास्तरांचं नाव. ती नुसती बघत राहिली. सकाळी पावणेआठला दवाखान्यातून येणारा फोन चांगला असतो की वाईट, याचं कुठलंच प्रमाण तिला माहीत नव्हतं. काकांची लेखणी थांबली. पाचव्या घंटेला तिने फोन कानाला लावला.

“मास्तर बोलतोय.” आवाज कोरडा होता, तुटक. “ताई सकाळी चहा प्यायली. दुपारी घरी सोडताहेत.”

तिने काकांकडे बघून मान डोलावली.

“यंत्र लागेल घरी. मी म्हणालो, दुसरीकडून बघतो. तर ती म्हणते, नको.” ते थांबले. “म्हणते, त्या बोटं मोजणाऱ्या पोरीलाच पाठव. आणि माझ्यासमोर मोजायला सांग.”

“येते,” ती म्हणाली. “दोन यंत्रं घेऊन येते. मीटर तुमच्या हातात देते, आकडा तुम्ही वाचा.”

“वाचीन,” मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवला.